कोन्याला फक्त जेवायला थांबू नका

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की तुर्कस्तानच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. सात-आठ दिवसांत इस्तंबूल, कॅपाडोशिया, पामुक्काले, अंताल्या असा ठरलेला मार्ग. कॅपाडोशियाहून निघाले की वाटेत कोन्या हे शहर लागते आणि कार्यक्रमपत्रिकेत तिच्या वाट्याला एकच ओळ येते: ‘दुपारचे जेवण व मेव्लाना संग्रहालयाला धावती भेट’. तुर्कस्तानला जावे की जाऊ नये यावर आपल्याकडे दोन मते आहेत. तो ज्याचा त्याचा निर्णय. जे जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्यापूर्वी या एका दिवसाचा हिशेब नीट मांडून पाहावा, एवढ्यासाठी हे पत्र.

कॅपाडोशियातले मुक्कामाचे गाव गोरेमे ते कोन्या साधारण 230 किलोमीटर, बसने तीन-साडेतीन तास. कोन्या ते पामुक्काले आणखी 400 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेपाच-सहा तास. त्यात सुलतानहानी या जुन्या सराईचा थांबा, जेवण, प्रसाधनगृहाच्या रांगा. सकाळी आठला निघालेली बस पामुक्कालेला पोचते तेव्हा रात्र झालेली असते, आणि कोन्याच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास येतो. तोही ऐन दुपारचा, सगळ्या सहलींच्या बसगाड्या एकदमच येतात तेव्हाचा. ज्येष्ठ मंडळींचे पाय सुजतात ते याच दिवशी. उपाय सोपा आहे: पामुक्कालेचा किंवा इस्तंबूलच्या बाजारहाटाचा एक मुक्काम कमी करून तो कोन्याला मागावा. गट वीस-पंचवीस जणांचा असेल आणि मागणी आगाऊ रक्कम भरण्याआधी झाली, तर कंपन्या बहुधा ऐकतात. नंतर ऐकत नाहीत, कारण हॉटेलांची नोंदणी झालेली असते.

मुक्काम मिळाला की मेव्लाना संग्रहालय सकाळी उघडल्या उघडल्या गाठता येते. मेव्लाना म्हणजे सूफी कवी जलालुद्दीन रूमी. ते 17 डिसेंबर 1273 रोजी कोन्यात वारले. त्यांची कबर फिरोजी रंगाच्या उंच घुमटाखाली आहे. 1925 मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने सगळे दर्वेशी (सूफी साधकांचे) मठ कायद्याने बंद केले आणि 1927 मध्ये हा मठ संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. त्यामुळे कागदोपत्री ते संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य आहे, पण आत येणारे तुर्की लोक हात पसरून प्रार्थना करत असतात. नागपूरच्या ताजबाग दर्ग्यात ज्या अदबीने आपण वावरतो तीच इथे ठेवावी. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ बाळगावी. बूट काढायचे नसतात. दाराशी प्लॅस्टिकची आवरणे मिळतात, ती बुटांवरून चढवायची. कबरींच्या डोक्याशी जे उंच फेटे दिसतात ते दर्वेशांच्या दर्जाप्रमाणे बांधलेले आहेत, हे वाटाड्याने सांगायला हवे. घाईत ते राहूनच जाते.

समा, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या दर्वेशांचा विधी, कोन्याच्या मेव्लाना सांस्कृतिक केंद्रात एरवी शनिवारी संध्याकाळी असतो. म्हणून कोन्याचा मुक्काम शनिवारी येईल अशी तारीख मागावी. इतर शहरांत जेवणाच्या टेबलांमध्ये जे ‘शो’ होतात त्यांत आणि यात फार अंतर आहे. इथे आधी स्तवन, मग बासरीसारख्या ‘ने’चे एकल वादन, मग तीन संथ फेऱ्या आणि त्यानंतर गिरक्यांचे चार भाग असा क्रम आहे. गिरक्या सुरू व्हायलाच बराच वेळ लागतो आणि नेमके तोवर अनेकजण कंटाळून फोन काढतात. दर्वेश काळा झगा खांद्यावरून खाली टाकतो तो क्षण चुकवू नये. डोक्यावरची उंच नमद्याची टोपी थडग्याचा दगड, काळा झगा कबर आणि पांढरा घेरदार अंगरखा कफन मानला जातो. उजवा तळवा वर, डावा खाली: वरून घ्यायचे आणि जमिनीला द्यायचे. मध्येच टाळ्या वाजवू नयेत, फ्लॅश तर नाहीच. 7 ते 17 डिसेंबर या काळात पुण्यतिथीचे कार्यक्रम असतात. तेव्हा हॉटेले महिनोन् महिने आधी भरतात आणि थंडीही कडक असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटरवर पठारावर आहे. डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. आपल्याकडचा स्वेटर तिथे पुरत नाही. थर्मल, कानटोपी आणि ओठांना लावायचे मलम हवेच.

आता जेवण, कारण तक्रारी सर्वाधिक त्याच्याच असतात. कोन्याची ख्याती मटणाची. ‘फिरिन केबाब’ म्हणजे स्वतःच्याच चरबीत तासन् तास भट्टीत शिजलेले मटण, सोबत पाव आणि कच्चा कांदा. तिखटाचा कण नाही, त्यामुळे सावजीच्या अपेक्षेने बसणाऱ्याची निराशा होते; पण मटण कळणाऱ्याने ते चाखायलाच हवे. शाकाहाऱ्यांची फसगत सुपात होते. ‘मेर्जिमेक चोरबासी’ हे मसुराच्या डाळीचे सूप सगळीकडे मिळते, पण पुष्कळ ठिकाणी ते हाडांच्या पाण्यात शिजवतात. ‘एत सुयू वार मी?’ (मांसाचे पाणी आहे का?) हा प्रश्न पाठ करून ठेवावा. भातातही कोंबडीचे पाणी असू शकते. नुसते ‘एतसिझ’ म्हणजे मांसाशिवाय असे सांगून भागत नाही; अनेकांच्या लेखी कोंबडी म्हणजे मांस नव्हे, म्हणून ‘ताउक दा योक’ हेही जोडावे. ‘बाम्या चोरबासी’ हे नखाएवढ्या वाळवलेल्या भेंड्यांचे आंबट सूप पाहून आपल्या माणसाला मोह होतो, पण त्यात मटणाचे बारीक तुकडे असतात. बिनधास्त खावे असे म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या ‘झेयतिनयाली’ भाज्या. चीज घालून भट्टीत भाजलेला ‘पेयनिरली पिदे’ हा पावही चांगला, अंडे चालत नसेल तर आधी ‘युमुर्तासिझ’ सांगावे. आणि ‘ची क्योफ्ते’ला नावावरून घाबरू नये. एकेकाळी त्यात कच्चे मांस असे, पण आता दुकानांत विकतात ती बारीक दलिया, मिरची आणि टोमॅटोची लगदी मळून केलेली, मांसाशिवायची. डाळिंबाचा घट्ट रस घालून, पातळ पोळीत गुंडाळून देतात. वैदर्भीय जिभेला तुर्कस्तानात खरी जाग येते ती इथे. रमजानमध्ये मात्र कोन्यात दिवसा बऱ्याच खाणावळी बंद असतात. मद्य तर एरवीही मोजक्याच ठिकाणी मिळते.

गटाविना जाणाऱ्यांना बसपेक्षा रेल्वे बरी. अंकारा–कोन्या अतिजलद गाडी 2011 पासून धावते आणि पावणेदोन तासांच्या आसपास घेते. इस्तंबूलच्या आशियाई बाजूहून साडेचार-पाच तास. स्थानकात सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, म्हणून अर्धा तास आधी पोचावे. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळायला हवे. शुक्रवार-रविवारच्या गाड्या लवकर भरतात. संकेतस्थळावर परदेशी कार्ड अडते असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी इस्तंबूलला उतरताच स्थानकाच्या खिडकीवर तिकीट काढावे. क्रम असा ठेवावा: इस्तंबूलहून रेल्वेने कोन्या, तिथून बसने गोरेमे, आणि परत कायसेरी किंवा नेव्हशेहिर विमानतळावरून. एकही रस्ता दोनदा लागत नाही. गोरेमेला तीन रात्री ठेवाव्यात, कारण पर्यटकांना घेऊन जाणारे गरम हवेचे बलून उडवायचे की नाही हे नागरी विमान वाहतूक यंत्रणा त्या पहाटे वारा पाहून ठरवते. एक सकाळ हुकली तर दुसरी हाताशी हवी. पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. बसमध्ये अनोळखी स्त्री-पुरुषाला शेजारची जागा देत नाहीत, म्हणून जोडप्याने दोन्ही तिकिटे एकत्रच काढावीत.

कोन्याच्या आसपास दोन जागा हाती वेळ असेल तर पाहाव्यात. चुमराजवळचे चातालह्युक हे सुमारे 9000 वर्षांपूर्वीचे वसतिस्थान. घरे एकमेकांना चिकटून बांधलेली, मध्ये गल्ल्याच नाहीत. छपरातून शिडीने आत उतरायचे, आणि मेलेल्यांना घरातल्याच ओट्याखाली पुरायचे. तिथले प्रसिद्ध मातीचे स्त्रीशिल्प मात्र अंकाऱ्याच्या संग्रहालयात आहे. जागेवर शोधत बसू नये. चुमरापर्यंत सार्वजनिक गाडी, पुढे टॅक्सी; परतीच्या टॅक्सीचे आधीच ठरवून ठेवावे, कारण टेकडीपाशी दुसरी मिळत नाही.

दुसरी जागा अक्सरायच्या रस्त्यावरची सुलतानहानी, 1229 मधली सराई. उन्हाळ्यासाठी उघडे अंगण, हिवाळ्यासाठी आत छतबंद दालन आणि अंगणाच्या मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद. अर्ध्या तासात भागत नाही, तासभर मागावा. याच पठारावर कारापिनारच्या बाजूला जमिनीत प्रचंड खड्डे पडतात, त्यांना ‘ओब्रुक’ म्हणतात. खालचा चुनखडक पाण्याने विरघळून पोकळ्या होतात. मका आणि साखरबीटासाठी बोअरने उपसा वाढला, पाण्याची पातळी खाली गेली, आणि पोकळीच्या छताचा आधारच सुटला. वरुड-मोर्शीतल्या बोअर किती खोल गेल्या हे माहीत असलेल्या वाचकाला ते पाहताना चैन पडणार नाही, जरी आपला खडक वेगळा असला तरी. बहुतेक खड्ड्यांना कठडा नाही. काठाची माती आतून पोखरलेली असते, म्हणून फोटोसाठी कडेवर जाऊ नये आणि जमिनीत गोलाकार भेग दिसली तर तिच्या आत पाऊल टाकू नये.

शेवटी व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा रहिवास परवाना असलेल्या भारतीयांनाच तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो. तो एकाच प्रवेशाचा, 30 दिवसांचा. पुरावा म्हणून दाखवायचा तो व्हिसा स्वतः ई-व्हिसा असेल तर चालत नाही, आणि विमानतळाच्या खिडकीवर अडकतात ते याच कारणाने. बाकीच्यांना पासपोर्टवर चिकटवला जाणारा व्हिसा अर्ज केंद्रातून घ्यावा लागतो, त्याला काही आठवडे हाताशी ठेवावेत. अर्ज भरताना पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट टीआर’नेच संपतो ना, हे पाहावे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर