अप्पा, कोच नुसती शिट्टी वाजवत नाही

ब्लूमिंग्टन, इंडियाना
1 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

"रग अंगातच असावी लागते, कोच काय, शिट्टी वाजवतो," असं तुम्ही परवा म्हणालात. जन्मभर पोरांना कबड्डी शिकवलेल्या माणसाशी फोनवर कुठे वाद घालणार? म्हणून लिहून कळवतोय.

आमच्या इंडियाना विद्यापीठाने 19 जानेवारीला कॉलेज फुटबॉलचं (पायाने खेळतात तो नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल) राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मायामी विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर 27-21 असं हरवलं आणि मोसमातले सोळाच्या सोळा सामने जिंकले. हाच संघ 2023 मध्ये बारापैकी नऊ सामने हरला होता. इंडियाना म्हणजे बास्केटबॉल. फुटबॉलला लोक यायचे ते स्टेडियमबाहेर गाड्या लावून खायला-प्यायला. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मग कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. वडीलही नावाजलेले कोच. अलाबामा विद्यापीठात नामांकित कोच निक सेबनच्या हाताखाली हा पोरं हेरायचं काम बघायचा. 2011 मध्ये ती मानाची जागा सोडून, कमी पगारावर, वडिलांनी जिथे संघ घडवला होता त्या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॉलेजात गेला. (आई म्हणाली असती, डोकं फिरलंय.) इंडियानात येताना त्याने, आधी जिथे कोच होता त्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले तेरा खेळाडू सोबत आणले, आणि पहिल्याच मोसमात 11 सामने जिंकले.

इथे शाळेतल्या खेळाडूंना तारे देतात. पाच तारे म्हणजे अव्वल. ज्यांच्या भरतीत चार-पाच ताऱ्यांची पोरं निम्म्याहून जास्त, तेच विजेते होणार, असा वर्षानुवर्षांचा हिशेब. आमच्याकडे तसे बोटावर मोजण्याइतके. आमचा बचावपटू डीअँजेलो पाँड्स जेमतेम 5 फूट 9 इंच. ऑरेगनविरुद्ध उपांत्य सामन्याच्या पहिल्याच चालीत त्याने समोरच्यांनी फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि थेट टचडाउन केला, म्हणजे गोल-रेषेपलीकडे नेला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, फर्नांडो मेंडोझा मायामीचाच पोरगा, कॅलिफोर्निया विद्यापीठातून बदलून आलेला. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची यंदाची हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली. अंतिम सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चार यार्ड हवे होते, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जाणार. लाथेने चेंडू मारून तीन गुण घेऊन गप्प बसता आलं असतं, पण सिग्नेटीने मेंडोझाच्या हाती चेंडू ठेवला आणि तो अंगावर मार झेलत थेट गोल-रेषेपलीकडे घुसला.

"मग पोरांत रग होतीच की," म्हणाल. होतीच. पण ती दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती. आणि नुसती रग पुरत असती तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं 2022 मध्ये तसं झालं नसतं. त्यांची त्या वर्षीची भरती आजवरची सर्वोत्तम म्हणून गाजली. मोसम? 5 विजय, 7 पराभव. पुढच्या वर्षी कोच जिम्बो फिशरला काढलं आणि करारापोटी 7 कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्याच्या पदरात घालायची वेळ आली!

तुमच्या बाजूचाही एक दाखला देतो. खुद्द सेबन 2007 मध्ये अलाबामात आला तेव्हा 6 सामने हरला, त्यात घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या विद्यापीठाकडूनही. पुढे त्याच माणसाने तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. डोकं तेच, पोरं बदलली. पण पोरं आणली कुणी? व्यावसायिक फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूंची निवड पाळीपाळीने होते आणि शेवटच्या संघाला पहिली पाळी मिळते. कॉलेजात तसं नाही. कोचला पोरांच्या घरी जाऊन आईबापांना पटवावं लागतं. 2021 पासून तर विद्यापीठ बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. सिग्नेटीने हेच हेरलं. कोवळ्या नामवंतांच्या मागे न लागता चार वर्षं मार खाऊन मुरलेले गडी घेतले. पैसाही आहेच. गेल्या वर्षापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात आणि आमचं विद्यापीठही त्यात मागे नाही. पण पैसा टेक्सास ए अँड एमकडेही होता.

तर माझं मत कोचच्या बाजूने, आणि त्यातही फळ्यावर डाव आखण्यापेक्षा माणूस ओळखणारी नजर मोठी. तुम्हीच नाही का एका वर्षी उंच पोरांना बाजूला सारून पांडूला चढाईला घेतलं होतं? सगळी शाळा हसली होती. त्याच्यात काय दिसलं होतं तुम्हाला, ते सविस्तर लिहा. फोनवर तुम्ही "दिसलं" एवढंच म्हणता.

आईला सांगा, कुळथाचं पीठ संपत आलंय. पुढच्या महिन्यात कुणी येणार असेल तर पाठवा.

तुमचा,
बाळू