पुतळा गेला, कायदा राहिला

संपादक साहेब,

वसाहतवादाच्या खुणा पुसायच्या म्हणून हल्ली बरंच बोललं जातं, पण सगळं रस्त्यांची नावं आणि पुतळे इथंच अडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन विद्यापीठात पोरांनी आंदोलन करून २०१५ ला इंग्रज साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा काढायला लावला, पण ती पोरं तिथं थांबली नाहीत, शिकवता काय आणि फी किती घेता हेही विचारलं त्यांनी. आपल्याकडे हे कोण विचारतं?

मी घणसोलीचा. आमच्या पेटीत आजोबांना आलेली जमिनीची नोटीस अजून आहे, घडीवर फाटलेली, कोपऱ्याला आजीच्या हळदीच्या बोटाचा डाग. त्यावर कायद्याचं साल आहे १८९४. म्हणजे इंग्रज गेले तरी 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणायचं आणि भातशेती, मिठागरं घ्यायची, हा त्यांचाच कायदा नवी मुंबई वसवताना आमच्या ९५ गावांवर चालला. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील साहेबांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं ठरलं. आणि तो कायदा बदलून नवीन लागू व्हायला २०१४ उजाडलं!

नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव हवंच, त्यात वादच नाही. पण बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे १८५३ ला धावली हे माझ्या मुलीला तोंडपाठ आहे, आणि जासईत काय झालं हे तिला शाळेत कुणीच सांगितलेलं नाही. ठाणे, रायगडच्या शाळांमध्ये एक धडा तरी लावा.

एक वाचक, घणसोली, नवी मुंबई