काहीच पडलं नाही, त्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर दरड कोसळली नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. ढिगाऱ्यातून कुणाला बाहेर काढलं की सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. तुमच्या कामाचा तसा फोटो निघणार नाही. ते काय होतं, हे कळायला मलाही वेळ लागला.

दरडीचा धोका बघायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पारावरची माणसं म्हणाली, मराठवाड्यात प्यायला पाणी मिळंना, इथं कुठली दरड? माळीण, तळीये, इर्शाळवाडी टीव्हीवर पाहिलेली. तिकडचा पाऊस वेगळा, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "ऑगस्ट २०२१ च्या शेवटी आपला कन्नडचा घाट कशानं बंद पडला होता?" अख्खा पार गप्प झाला.

मग तुम्ही माझ्या सासऱ्यांना घेऊन दिवसभर डोंगर फिरलात. पाणी कुठं पाझरतं, दगड कुठून घरंगळतात, हे त्यांनाच विचारलंत. खाली काळा खडक, वर मुरूम. मुरमात पाणी भरलं की तो जड होतो आणि त्याची पकड सुटते. अंगण वाढवायला माझ्या दिरांनी जेसीबीनं पायथ्याचा मुरूम काढला होता. त्यानं उताराचा आधारच जातो, हे तुम्ही त्यांना चारचौघांत न बोलता बाजूला नेऊन सांगितलंत. त्यांनी खोदकाम थांबवलं ते त्यामुळंच, असं मला वाटतं.

डोंगराच्या वरच्या अंगाला पडलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, भेग चिकणमातीनं बुजवली, वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवलं. पाऊस मोजायचं सरळ भांडं माझ्याकडं दिलंत. दिवसात ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी, पण एका दिवसाच्या आकड्यावर राहू नका, किती दिवसांची भीज आहे तेही बघा, म्हणालात. झाड कललं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, दार चौकटीत अडकायला लागलं, तर घर सोडायला कुणाच्या निरोपाची वाट बघायची नाही.

सप्टेंबरात झड लागली. खुंट्यांतलं अंतर दोन बोटं वाढलं. सात घरं शाळेत झोपायला न्यायची होती आणि कुणी उठेना. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्रीच, हे सांगून झालं. शेवटी माझ्या सासूबाईंनी वळकटी उचलली. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट त्या कधी बोलून दाखवत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "किल्लारीला कुणी सांगायला आलं नव्हतं. इथं सांगतायत तर चला." त्यांच्या मागं सगळे निघाले.

तीन रात्री शाळेत काढल्या. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि डोंगर होता तिथंच होता. अद्रक भिजली, शेरडं मोकाट सुटली, त्याचा राग माझ्यावर निघाला. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही त्याच दुपारी गाडीवर आलात आणि सगळ्यांचं खाली बसून ऐकून घेतलंत. "पुढच्या वेळीही काही पडलं नाही, तरी जायचं," एवढंच बोललात. सर, त्या वाक्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. आता शेरडांसाठी शाळेमागं पत्र्याचा आडोसा केलाय, म्हणजे ती अडचण राहणार नाही.

मृगाआधी एकदा या. सासऱ्यांना वरच्या अंगाला आणखी एक बारीक भेग दिसलीय. आजची नोंद : पाऊस शून्य, खुंट्यांतलं अंतर तेवढंच.

आपली,
वस्तीवरची अंगणवाडी सेविका