पोटमाळ्यावरची तीन खोकी

अमळनेर,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आपण पोटमाळ्यावरची, आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या जुन्या मालाची तीन खोकी खाली उतरवली, आणि जाताना जुन्या बिलांची वही माझ्या हातात देऊन तू म्हणालास, ‘बापू, निम्म्याच्या खाली एकही वस्तू देऊ नको.’ तो शब्द मला पाळता आला नाही. सगळे मिळून २३,४०० रुपये आले. वहीत त्याच मालाची खरेदी लाखाच्या वर आहे. तुझ्या वाट्याचे ११,७०० आज सकाळी पाठवले, पण नुसता आकडा बघून तुला वाईट वाटेल, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

पहिले पंधरा दिवस तुझ्याच हिशोबाने भाव लावले. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर आपण २०१२ साली साडेअकरा हजारांना घेतला होता, म्हणून ऑनलाइन जाहिरातीत ५,७५० लिहिले. एकही फोन आला नाही. मग रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्यांच्या जाहिराती बघायला लागलो आणि वहीत टिपून ठेवायला लागलो. कुठली वस्तू केवढ्याला लावली आहे, आणि चार-आठ दिवसांनी ती जाहिरात तिथे आहे की गेली. तीन-साडेतीन हजार मागणारे प्रोसेसर महिना झाला तरी जागच्या जागी होते, हजाराच्या आसपासचे दोन दिवसांत दिसेनासे होत होते. खरा भाव त्या दिसेनाशा झालेल्या जाहिरातींचा. तुझ्या डोक्यात बसलाय तो न विकल्या गेलेल्या मालाचा आकडा आहे, आप्पा. शेवटी आपले दोन सुटे प्रोसेसर ९०० प्रमाणे गेले.

आता त्याच्या उलट ऐक. ज्या एच-६१ मदरबोर्डला, म्हणजे प्रोसेसर ज्याच्यावर बसतो त्या मुख्य बोर्डाला, आपण ३,२०० मोजले होते, त्याची जाहिरात टाकली त्या दिवशी तीन फोन. दोन हजार द्यायला एक जण तयारच होता. आधी मलाही नवल वाटलं, पण दुकानातले दिवस आठवून बघ. प्रोसेसर जळून आलेला आपण कितीदा पाहिला? बोर्ड मात्र रोजचेच. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याखालची खोली, वरखाली होणारी वीज. बोर्डावरचे कपॅसिटर, वीज साठवणारे ते छोटे डबे, फुगायचे आणि बोर्ड जायचा. बोर्ड गेला की त्याच्यावरचा धडधाकट प्रोसेसर मागे उरतो. असे उरलेले प्रोसेसर बाजारात ढिगाने आहेत आणि ते बसवायला चांगला बोर्ड मिळत नाही. त्यात विंडोज ११ अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर घेत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबले. त्यामुळे ऑफिसांनीही जुनी मशीनं बाहेर काढली. आपण नेमकं त्याच दिवाळीत विकायला काढलं.

तरी मी बोर्ड सुटे दिले नाहीत. तीन बोर्डांवर आपलेच आय-थ्री प्रोसेसर बसवले, आठ-आठ जीबी डीडीआर३ रॅम लावली आणि चालू सेट म्हणून ठेवले. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवला, बोर्डावरच्या सीएमओएसच्या छोट्या बॅटऱ्या नव्या टाकल्या, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. बॅटऱ्या-पेस्टचा खर्च मी हिशोबात धरलेला नाही. प्रत्येक सेट ४,५०० ला लावला, कारण घासाघीस होणार हे धरूनच चालायचं, आणि तिन्ही ४,२०० ला गेले. १२,६०० तिथेच आले.

त्यातला एक पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने नेला. एसटीने आला, सोबत अकरावीतला मुलगा, आणि गोणीत गुंडाळलेला कॅबिनेट. अहिराणीत म्हणाला, ‘भाऊ, पोऱ्याना कॉम्प्युटर बंद पडी गयेल शे. पयले चालू करीसन दखाडा.’ मी त्याला आधीच सांगून टाकलं की या बोर्डाचं एक यूएसबी पोर्ट गेलेलं आहे. जाहिरातीतही ते मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तो म्हणाला, तेच वाचून आलो, बाकीचे सगळे ‘एकदम नवीन कंडिशन’ लिहितात. त्याच्याच कॅबिनेटमध्ये सेट बसवून दिला. स्क्रीन लागल्यावर त्या मुलाचा चेहरा तू बघायला हवा होतास. आप्पा, आपल्या पोटमाळ्यावर त्या बोर्डाची किंमत शून्य होती. त्या पोराचं मशीन भंगारात जायचं वाचलं, म्हणून त्याचे ४,२०० आले. आपल्या बिलातल्या आकड्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता तुला आनंद होईल अशी गोष्ट. डिझाइनच्या मशीनमधल्या डीडीआर४ च्या दोन आठ जीबी रॅम आठवतात? मागच्या उन्हाळ्यात कुणी हजारसुद्धा म्हणत नव्हतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा ओघ वळला, नव्या रॅमचे भाव चढले आणि जुनीलाही मान आला. २,६०० ला एक, अशा दोन गेल्या. ग्राफिक्स कार्डाचे २,४०० आले. ते नाशिकला पाठवलं, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, केळीच्या एक्स्पोर्टच्या जाड खोक्याच्या पुठ्ठ्यात. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, आणि मॉनिटरचे मिळून १,४००.

हार्ड डिस्क मात्र मी एकही विकली नाही, आणि यावर तू रागावू नकोस. २०११ च्या शेवटी थायलंडच्या पुराने डिस्कचे भाव भडकले, अजून वाढतील या भीतीने आपण सहा घेऊन ठेवल्या, ते मला पक्कं आठवतं. पण त्या सहाही पुढे आपल्या इंटरनेट कॅफेच्या मशीनना लागल्या. एक जोडून पाहिली तर गावातल्या पोरांचे भरतीचे फॉर्म, जातीचे दाखले, आधार कार्डं, एका मुलीच्या लग्नाच्या बायोडाटाचा फोटो. नुसतं क्विक फॉरमॅट मारून हे जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतं. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहायला एकेकीला काही तास लागले. चार कोऱ्या झाल्या, त्या माझ्याकडे ठेवल्यात. उरलेल्या दोन डिस्कमध्ये बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, होते, लिहिणं मध्येच अडकायचं. त्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडली. लोकांनी विश्वासाने आपल्याकडे कागद आणले होते. दोन-तीनशे रुपयांसाठी ते कुणाच्या हातात द्यायला माझं मन झालं नाही.

वहिनी जुना सोफा ऑनलाइन काढणार आहेत म्हणालास, म्हणून एक त्यांना जरूर सांग. मला एका माणसाचा फोन आला होता. सैन्यात आहे, बदली झाली, वस्तू न बघताच पैसे पाठवतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. ‘स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल.’ मी लगेच फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. चुकून गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता खोक्यात काय उरलंय ते. फुगलेल्या कपॅसिटरचे दोन बोर्ड आणि वायरींचा गुंता आहे, ते ई-वेस्ट घेणाऱ्याकडे देईन. यूपीएसच्या बॅटऱ्या वजनावर जातील, त्याचा हिशोब वेगळा कळवतो. आणि टीव्हीएस गोल्डचा तो कीबोर्ड, ज्याच्यावर तू दुकानाचं पहिलं बिल टाइप केलं होतंस. ‘ए’चं अक्षर पुसलंय, बाकी सगळी बटणं चालतात. पारोळ्याच्या त्या मुलाने निघताना त्याच्याबद्दल विचारलं होतं. मी त्याला हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. तुला हवा असेल तर पुढच्या रविवारपर्यंत फोन कर, नाहीतर मी तो त्याला तसाच देणार आहे, पैसे न घेता.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. भरीताची वांगी अजून चांगली येतायत, या महिन्यात आलास तर बरं होईल.

तुझा,
बापू