व्लाड्सलोचे आईबाबा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ताईकडे पोचून आठवडा झाला. तुझ्याशी फोनवर दोन मिनिटंही धड बोलणं होत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

काल ताईने मला व्लाड्सलोला नेलं. बेल्जियममधली ही जर्मन सैनिकांची दफनभूमी. पहिल्या महायुद्धातले 25 हजारांवर जवान इथे आहेत. वर ओकची झाडं, खाली गवतात जमिनीलगत बसवलेल्या दगडी फरश्या, एकेका फरशीवर वीस-वीस नावं. आणि टोकाला गुडघे टेकलेले आईबाप.

हे पुतळे केटे कोलविट्झ या बर्लिनच्या चित्रकार-शिल्पकार बाईंचे. त्यांचा धाकटा, पेटर, 18 वर्षांचा. 1914 च्या ऑगस्टमध्ये सैन्यात जातो म्हणाला. वय लहान, म्हणून वडिलांची परवानगी हवी. वडील कार्ल, पेशाने डॉक्टर, तयार नव्हते. त्यांचं मन वळवलं ते आईने. ऑक्टोबरात पेटर इथल्याच, डिक्समाउडच्या रणात पडला.

त्याच वर्षी बाईंनी स्मारकाचं मनात घेतलं. आधी आडवा पडलेला पेटर करायचा होता, तो पुढे सोडला. मधे कामच टाकून दिलं, पुन्हा हाती घेतलं. पुतळे बसले 1932 मध्ये. मुलगा जगला तितकीच वर्षं आई त्या दगडात गुंतून होती. पुढच्या युद्धात, 1942 मध्ये, नातू गेला. त्याचंही नाव पेटरच.

दोन पुतळे, दोन वेगळे चौथरे. आई पार वाकलेली, मान खाली. बाप ताठ, पण दोन्ही हात छातीशी आवळून धरलेले, हुडहुडी भरल्यासारखे. त्याची नजर जिथे पडते त्या फरशीवर पेटरचं नाव आहे. त्यावर एक ओलं पान चिकटलं होतं, ते मी नखाने हळूच सोडवलं.

आईपेक्षा त्या बापापाशीच मी जास्त वेळ उभी राहिले. तुझ्या एनडीएच्या फॉर्मवर बाबांनी सही केली ती माझ्या शब्दाखातर, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू गेलास याचा मला अभिमान आहे, आजही आहे. पण त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, हे मी विचारलंच नाही.

रात्री फोन करून विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘खडकवासल्याला पहाटे गारठा असेल. त्याच्याकडे जाड स्वेटर आहे का, विचार.’

आहे ना? त्यांनाच कळव.

तुझी,
आई