कट्टा आणि तलवार एकाच रकान्यात नकोत

संपादक महोदय,
स. न.

नागपुरात वर्ष सरले की पोलिसांच्या पत्रपरिषदेत ‘शस्त्र कायद्याखालील गुन्हे’ असा एक आकडा सांगितला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो छापून येतो. तो वाढला की शहरात पिस्तुले वाढली असे वाचकांना वाटते, तर पोलीस म्हणतात, आमची कारवाई वाढली. त्या एका आकड्यावरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही.

पहिली अडचण बेरजेतच आहे. विनापरवाना कट्टा (देशी बनावटीचे पिस्तूल) किंवा माऊझर सापडले तर कलम ३/२५ लागते, म्हणजे भंग कलम ३ चा आणि शिक्षा कलम २५ खाली. तलवार, गुप्ती किंवा नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू सापडला तर ४/२५. दोन्ही गुन्हे शस्त्र कायद्याचेच म्हणून एकाच रकान्यात जातात. रात्रीच्या नाकाबंदीत चाकू-तलवारी पकडण्याची मोहीम जोरात चालली की आकडा फुगतो आणि त्यात कट्टे किती हे कोणालाच कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदुकीची किमान शिक्षा दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे केली. धारदार हत्याराला ती एक ते तीन वर्षे राहिली. कायद्याने ज्यांत फरक केला, ते अहवालात एकत्र का?

दुसरी अडचण याच्या उलट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच मोजतो. गोळी झाडून खून झाला तर तो खुनात मोजला जातो, शस्त्र कायद्याच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही. दरोड्याचेही तसेच. म्हणजे ज्या बंदुकीने माणूस मेला ती आकड्यातून गळते आणि कंबरेला खोचलेली, न वापरलेली बंदूक मोजली जाते. बंदुकीच्या हिंसाचाराचा अंदाज घ्यायला हा रकाना उपयोगाचा नाही, हे पत्रपरिषदेत कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

खरा प्रश्न जप्तीनंतर सुरू होतो आणि त्याविषयी अहवाल जवळजवळ गप्प असतात. जप्तीचा पंचनामा जागेवर व्हायला हवा. त्यात नळीची लांबी, मूठ, काडतुसांची संख्या आणि त्यांच्या बुडावरचे अंक लिहायचे, पाकीट लाखेने सील करून सीलचा नमुना सोबत जोडायचा. मग मुद्देमाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. हे शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बसते का, चालू स्थितीत आहे का, काडतूस जिवंत आहे का, हे तिथून लेखी यावे लागते. गोळीबार झाला असेल तर घटनास्थळीची पुंगळी याच शस्त्रातून सुटली का, हेही. त्यानंतर खटला भरण्यासाठी कलम ३९ ची पूर्वमंजुरी. कलम ३ च्या गुन्ह्यात ती नसेल तर खटलाच चालत नाही. तलवारीच्या गुन्ह्यात ती लागत नाही, म्हणून ते खटले त्या मानाने सरळ जातात.

खटले पडतात ते याच टप्प्यांवर. पंचनाम्यातले वर्णन आणि प्रयोगशाळेत पोचलेल्या शस्त्राचे वर्णन जुळत नाही. सील कोणी, कुठे केले हे हवालदाराला सांगता येत नाही. मालखान्यातून मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंतच्या दिवसांची नोंद नसते. मंजुरीचा आदेश छापील साच्यातला असतो आणि मंजुरी देणाऱ्याने शस्त्र किंवा अहवाल पाहिल्याची खूण त्यात दिसत नाही. पंच फितूर होतात. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे, ही मोठीच सोय आहे. पण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक अंकासह) प्रमाणपत्र जोडले नाही, तर ते चित्रीकरण पुरावा म्हणून टिकवणे अवघड.

यातले काय किती वेळा घडते, हे अहवालातून कळले पाहिजे. दोषसिद्धीचे प्रमाणही फसवे असते, कारण ते त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांवर काढतात, त्या वर्षी दाखल झालेल्यांवर नव्हे. २०२० चे गुन्हे घ्या आणि आज त्यांतले किती मंजुरीवर अडले, किती प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबले, किती सुटले, किती शिक्षेला पोचले ते सांगा. त्यावरून कुठे माणसे कमी पडतात आणि कुठे शिस्त, ते दिसेल.

शस्त्रे येतात कुठून, याबद्दलही. मध्य प्रदेशातील खरगोन, बडवानी आणि बिहारातील मुंगेर ही नावे वारंवार येतात. अमेरिकेतील एटीएफ ही यंत्रणा जप्त शस्त्र मूळ कोणत्या राज्यात विकले गेले आणि विक्रीपासून जप्तीपर्यंत किती काळ गेला, याचे राज्यनिहाय तक्ते प्रसिद्ध करते. आपल्याकडच्या देशी कट्ट्याला क्रमांक नसतो, त्यामुळे तितका माग निघणार नाही, हे मान्य. तरी तपासात पुरवठादारापर्यंत किती प्रकरणे पोचली, आणि अवैध शस्त्रव्यापारासाठी २०१९ मध्ये घातलेले दहा वर्षे ते जन्मठेपेचे कलम किती वेळा लावले, एवढे तर सांगता येते. पकडलेला प्रत्येक जण ‘बाळगणारा’ निघत असेल, तर पुरवठा तसाच चालू आहे.

परवानाधारकांची बाजू लहान आहे, पण सोडू नये. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. कलम ३९ ची मंजुरीही त्याच कार्यालयांची. शहरात तपास, परवाना, मंजुरी आणि आकडेवारी ही चारही कामे एकाच छताखाली चालतात, म्हणून बाहेरच्यांना पडताळता येईल असा तक्ता इथे अधिक गरजेचा. कलम १७ खाली किती परवाने निलंबित वा रद्द झाले, आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुका २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आल्यावर तिसऱ्या किती जमा झाल्या, हे त्यात असावे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेऊन उत्तर प्रदेश सरकारकडे गुन्ह्यांची संख्या मागितली होती. नागपूरकरांना त्यासाठी न्यायालयात जायची गरज पडू नये. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगते. आयुक्तालयाने आणि ग्रामीण पोलिसांनी दर तिमाहीला, आरोपींची नावे वगळून, गुन्हा क्रमांकनिहाय तक्ता संकेतस्थळावर टाकावा. त्यात शस्त्राचा प्रकार, जप्तीची तारीख, प्रयोगशाळेत पाठवल्याची आणि अहवाल आल्याची तारीख, मंजुरीची तारीख, दोषारोपपत्राची तारीख आणि निकाल असावा. ही सारी माहिती ठाण्याच्या नोंदवह्यांत आजही असते. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या पत्रपरिषदेत एवढे विचारावे : यात कट्टे किती, आणि त्यांतल्या किती प्रकरणांत मंजुरी आली?

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील,
सिव्हिल लाइन्स, नागपूर