काकू, परडं वाट्यानं दिलंत म्हणून

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याला फार पैसा लागत नाही, आणि घरामागं परडं पडीक ठेवलेली माणसं तासगावात काय, कुठल्याही गावात पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्यानं हे वाचावं एवढीच इच्छा.

नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन मी तुमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं आले, तेव्हा मदत करणारे कमी नव्हते. कुणी तांदूळ दिले, कुणी पोरांना दप्तरं घेतली, कुणी साड्या आणून दिल्या. मी सगळं घेतलं, गरजच होती. त्या सगळ्यांचे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही. पण प्रत्येक पिशवीबरोबर मान थोडी खाली जायची. "नमस्कार कर त्यांना" असं सांगितलं की थोरली आधी माझ्याकडं बघायची, मग वाकायची. तिची ती नजर मला आत कुठंतरी लागायची.

तुम्ही तसं काहीच दिलं नाहीत. वळवाचा पाऊस झाल्यावर मला मागच्या दारी बोलावलंत आणि म्हणालात, "हे परडं आता माझ्यानं होत नाही, गुडघे गेले. तू वाट्यानं कर. बी माझं, पाणी माझं, कष्ट तुझे. निघेल त्यातलं निम्मं माझं. आणि बघून घेणार हं मी."

त्या "निम्मं माझं"नं मला उभं केलं, काकू. तोवर मी या गावात फक्त घेणारी होते. त्या दिवसापासून तुमची वाटेकरी झाले. वाटेकरणीला कुणापुढं वाकावं लागत नाही, तिचा हिशोब असतो. तुम्ही तो अगदी काटेकोर ठेवलात. घेवडा निघाला की पायरीवर दोन ढीग. तुम्ही चष्मा लावून बघणार, इकडच्या चार शेंगा तिकडं सारणार आणि मगच तुमचा ढीग पदरात घेणार. एकदा धाकटा तापानं फणफणला होता, पावसानं दोडक्याचा वेलही आडवा झाला होता, भाजी निघाली मूठभर. मला वाटलं, आज तुम्ही म्हणाल, राहू दे तुलाच. नाही म्हणालात. निम्मी नेलीत. संध्याकाळी तापकऱ्या पोरासाठी मऊ भात आणि मेतकूट घेऊन आलात, ते वेगळं. भाजीचा हिशोब आणि माया यांची तुम्ही कधी सरमिसळ होऊ दिली नाहीत. याच गोष्टीसाठी मला तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानायचेत.

परडं तरी केवढं, जेमतेम अर्ध्या गुंठ्याचं. पाचशे चौरस फूट, त्यातही एका कोपऱ्यात जुन्या घराच्या भिंतीचा राडारोडा. मी म्हटलं, यात काय होणार. तेव्हा तुम्ही काकांच्या आठवणी काढल्यात. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला, म्हणजे आपापल्या शेतात प्रयोग करून एकमेकांना शिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी त्यात भाग घेतला, त्यांत काका होते. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हे दाभोळकर हिशोब मांडून सांगायचे. तुम्ही लगेच बोटांवर मोजलंत, "त्यांच्या दहा गुंठ्यांत पाच, तर आपल्या अर्ध्यात एकाचं पावच पोट. पाव तर पाव." काय खोटं होतं त्यात?

राडारोड्याच्या कोपऱ्यात माती नव्हतीच. तिथं तुम्ही चिपाडं आणायला लावलीत. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याला ती टाकायचीच असतात, पोतं घेऊन गेलं की तोच भरून देतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीवरची शेती करून दाखवली, हे मला तुमच्याकडून कळलं. फुटक्या पिंपात खाली चिपाडं दाबून, वर पालापाचोळा, घरातला ओला कचरा, थोडं शेण आणि शेवटी ओंजळभर माती. त्या पिंपात आज वांगी आहेत. चिपाडं कुजतात तशी खाली बसतात, वरून भर घालत राहावी लागते, एवढंच.

मोरीचं पाणी तर तुम्ही वाया जाऊच दिलं नाहीत. विटांचे तुकडे आणि वाळू भरलेला खड्डा, त्याच्या काठानं कर्दळ, तिथून पुढं अळू आणि केळ. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नळाला एक दिवसाआड पाणी, कधी त्याहून उशिरा. त्या दिवसांतही अळूची पानं ताटाएवढी. पोरांना अळूवडी आवडते म्हणून मी ती करते, असं शेजारणी समजतात. खरं म्हणजे वैशाखात परड्यात दुसरं हिरवं फारसं नसतं, पण पोरांना ते कधी जाणवलं नाही.

धाकट्याला तुम्ही जे शिकवलंत ते मला आयुष्यभर जमलं नसतं शिकवायला. दुधीला फुलं यायची आणि कळ्या पिवळ्या पडून गळायच्या. तुम्ही त्याला दिवेलागणीला वेलाजवळ नेलंत. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात, म्हणून पतंग आला नाही तर हे काम आपणच करायचं, असं सांगितलंत. लांब देठाचं, मागं काहीच नसलेलं ते नर. ज्याच्या मागं नखाएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो ती मादी. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागं मुडपायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवून फिरवायचा. त्यानं श्वास रोखून केलं. पुढचे काही दिवस शाळेतून आला की दप्तरासकट वेलाकडं. तो दुधी फुगत गेला, देठ वाकत गेला. बाप गेल्यापासून हे पोर फारसं बोलत नव्हतं. त्या आठवड्यात मात्र रोज जेवताना दुधीची बातमी असायची. सरांना सांगून त्यानं वर्गातही फळ्यावर ते फूल काढून दाखवलं.

बी राखायचंही तुम्हीच शिकवलंत. पहिला चांगला दोडका खायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. मग ते राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांची बातमी तुम्ही थोरलीकडून दोनदा वाचून घेतलीत. "बघ, बी राखलं म्हणून दिल्लीला गेली," म्हणालात. तेव्हापासून आमच्या घरातल्या डब्यांवर थोरलीच्या अक्षरात भाजीचं नाव आणि साल असतं.

परडं म्हणजे सगळं घर नव्हे, हे तुम्ही पहिल्यापासून बजावलंत. घर चालतं ते बेदाणा निवडण्याच्या रोजावर. उन्हाळ्यात शेडवर हात रिकामा नसतो, पावसात काम आटतं. आणि नेमकं तेव्हाच वेल लगडतात. कोथिंबिरीची जुडी बाजारात हात लावू देत नाही, तेव्हा आमच्याकडं पिंपात ती असते. ज्वारी, तेल, गॅस विकतच घ्यावा लागतो. म्हणून तुम्ही रेशनकार्डाच्या मागं लागलात. नवरा गेल्यावर कार्डाचं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणं घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत थोर बाई हीच कार्डावर कुटुंबप्रमुख धरतात, हे तुम्हाला पाठ होतं. गुडघे धरत तुम्ही माझ्याबरोबर कचेरीचा जिना चढलात. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव छापलेलं पाहिलं, तेव्हा मी तुमच्यासमोर काही बोलले नाही. बोलता आलं नाही. आज सांगते, घरी येऊन ते कार्ड मी देवाजवळ ठेवलं होतं.

आणि संक्रांत. तुम्ही स्वतः विधवा, मी विधवा. गावातल्या हळदीकुंकवाला दोघींनाही बोलावणं नसायचं. तुम्ही आपल्या अंगणात सगळ्या बायकांना बोलावलंत, सवाष्ण-विधवा न बघता सगळ्यांना हळदीकुंकू लावलंत आणि वाण म्हणून रोपं लुटलीत. दोघीतिघी आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांच्या दारात आज शेवगा आहे. पुढं मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मला आनंद झाला, पण नवल वाटलं नाही. मी तुमच्या अंगणात ते आधीच पाहिलं होतं.

तुम्ही लेकाकडं पिंपरीला गेल्यापासून पायरीवर एकच ढीग पडतो. तिकडं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तुमचा वाटा पाठवते, पण पालेभाजी तिथवर टिकत नाही. म्हणून थोरलीनं एक वही घातलीय. जे पाठवता आलं नाही त्याचं निम्मं तुमच्या नावावर मांडलेलं आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं.

शेवगा यंदा शेंगा उतरल्यावर कमरेएवढा छाटला, तुम्ही सांगितलं होतं तसाच. फुटवे चांगले आलेत. पावट्यावर मावा दिसला होता, पण राख धुरळली आणि निंबोळीचा अर्क मारला, लिटरला पन्नास ग्रॅमच्या हिशोबानं. आता वेल स्वच्छ आहे.

थोरली परीक्षेसाठी पुण्याला येतेय, ती तुमच्याकडंच उतरेल. तिच्याबरोबर पावट्याचं आणि दोडक्याचं बी, तीन रोपं मिरचीची आणि एक कढीपत्त्याचं देतेय. तुमच्या गॅलरीत ऊन सकाळचं येतं की दुपारचं, तेवढं फोनवर कळवा. सकाळचंच असेल तर मिरचीऐवजी पुदिना आणि ओवा पाठवते.

तुमची वाटेकरीण